आधी काळी

"किती चालेल?"
भाव नंतर. आधी हाच प्रश्न.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, शटर अर्ध्यावर असतानाच
कुणीतरी वाकून विचारतं: किती चालेल?

मामंजी म्हणायचे, गाडीला विचारा.
रोज कोलशेतहून कोपरीपर्यंत धावत असेल तर चार वर्षं.
सोसायटीत कव्हर घालून ठेवली असेल,
आणि तुम्ही रविवारी नुसती पुसायला खाली उतरत असाल,
तर दोनसुद्धा नाही.
मरते ती श्रावणात,
पण मारलेलं असतं तिला मे महिन्यानं.

जोमा नाखवा. चेंदणी कोळीवाड्यातला,
खाडीत मासा उरला नाही तेव्हा ॲसिडात हात घातलेला माणूस.
त्यांच्या एकाही शर्टाला पोट धड नव्हतं.
धुताना मी भोकांतून बोटं काढून मोजायची,
नवी नवरी, सहा महिन्यांची.
त्यांनीच शिकवलं:
सहा बुचं, सहा घरं, घरटी दोन व्होल्ट, वर चिमूटभर.
पाणी डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यात ठाणं असतं, म्हणायचे,
आणि प्लेटींना ठाणं मानवत नाही.
टर्मिनलवर पांढरा फुलोरा आला की गरम पाणी, खायचा सोडा,
वर व्हॅसलिनचं बोट,
थंडीत लेकराच्या गालाला फिरवतात तसं.

मग सीलबंद आल्या. बूच नाही, पाणी नाही,
वरती एक हिरवा डोळा; काळा झाला की संपलं.
मामंजींना तो डोळा कधी आवडला नाही.
"जिचं पोट उघडून बघता येत नाही, तिची काय वॉरंटी?"
मग एजीएम आल्या, सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांच्या,
काचेच्या कापसात ॲसिड जिरवलेलं,
किंमत दुप्पट, पाच-सहा वर्षं.
आता घोडबंदरच्या टॉवरांतून विजेवरच्या येतात,
आठ वर्षांच्या बोलीची पेटी पायाखाली, खाटेएवढी.
ती उघडायची आम्हाला परवानगी नाही.
कोपऱ्यातली लहान, बारा व्होल्टची,
तेवढी बदलून देतो.

मागच्या भाऊबीजेला ते चार्जरपाशीच बसले,
खाली, भिंतीला टेकून, चप्पल एकाच पायात.
नाडी चाळीस.
माझ्या डोक्यात मीटरचा काटा हलला: अकरा पॉइंट आठ.

कळव्याला डॉक्टरीणबाईंनी डबी तळहातावर ठेवून दाखवली,
काडेपेटीहून लहान. आत लिथियम, म्हणाल्या.
मामंजी उशीवरून:
"किती चालेल?"
दहा वर्षं. कदाचित बारा.
"सीलबंद?"
हो, सीलबंद.
"मग बदलताना जुनी वजनावर परत घेता का?"
बाई हसल्या.
ते हसत नव्हते.

कार्ड मिळालं: नाव, नंबर, बसवल्याची तारीख.
दुकानातल्या वॉरंटी कार्डांच्या डब्यात ठेवलं,
त्याच वर्षीच्या गठ्ठ्यात,
एक इको आणि एक जुनी सॅन्ट्रो यांच्या मध्ये.
रबर लावताना हात थांबला:
बारा मिळवले तर मी एकसष्टची, ते शहाऐंशीचे.
कोण कुणाला पुरेल, त्याला कार्डावर रकाना नाही.

आता चार्जिंगच्या बाकापाशी यायची त्यांना मनाई.
रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसतात,
बशी गुडघ्यावर,
आणि मी बॉनेटखाली वाकले की
टेम्पो, रिक्षा, पाण्याचा टँकर, सगळ्यांवरून आवाज येतो:
"आधी काळी!"

वजाची वायर आधी सोडायची, लाल मागाहून.
सत्तावीस वर्षं मी तेच करतेय.
"सोडली!" म्हणून ओरडते,
आणि मग पाना घालते
काळीवर.